दोन दुष्काळ आणि केडगावचा छापखाना

१/ पुणे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, लोणावळ्यात, वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. तळेगाव दाभाड्यापर्यंत येता येता तो बराच ओसरतो. पुणे ओलांडून सोलापूरच्या वाटेने दौंड तालुक्यात केडगावला पोहोचावे, तर पाचशे मिलिमीटरचीही शाश्वती नसते. या जिल्ह्याच्या नेमक्या कोरड्या टोकाला एका विदुषीने आपल्या श्रद्धेचे घर बांधले. त्या घराची आणि त्यामागच्या दोन दुष्काळांची ही कथा. #धागा

२/ खंडाळा ते पुणे हा तळेगाववरून जाणारा लोहमार्ग जून १८५८ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी २३ एप्रिलला, येथून शेकडो मैल दक्षिणेस, कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरी एक मुलगी जन्मली. तिचे नाव रमा. हा लोहमार्ग तिच्या आयुष्यात यायला बत्तीस वर्षे जायची होती.

३/ अनंतशास्त्री हे चमत्कारिक गृहस्थ होते. आचाराने कर्मठ, पण पत्नीला संस्कृत शिकवण्याचा हट्ट धरून लोकांचा रोष ओढवून घेणारे. आतिथ्यापायी मालमत्ता गेली, कर्ज झाले आणि सारे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरू लागले. रमेला शिकवले ते आईने, बहुतेक चालत्या वाटेवर. वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षापर्यंत तिला हजारो श्लोक मुखोद्गत होते.

४/ मग दक्षिणेत अन्नटंचाई सुरू झाली. १८७६-७८ चा महाभयंकर दुष्काळ अजून यायचा होता, पण मद्रास इलाख्यात १८७४ च्या सुमारासच अन्न दुर्मीळ होऊ लागले. डोंगरे कुटुंबाने उरलेसुरले द्रव्य दानधर्मात आणि अनुष्ठानात घातले. मोलमजुरी करावी, तर ती शिकलेली नव्हती आणि कुळाला साजेशीही वाटत नव्हती. शेवटचा तांदळाचा दाणा संपल्यावर ही माणसे अरण्यात शिरली आणि पाणी, पाला व मूठभर रानखजूर यांवर त्यांनी अकरा दिवस काढले.

५/ वडिलांनी जलसमाधी घेण्याचे ठरवले. तेव्हा थोरला भाऊ श्रीनिवास पुढे झाला आणि म्हणाला की आपण मजुरी करू. बेत रहित झाला, पण फार उशीर झाला होता. आधी वडील गेले, काही आठवड्यांत आई गेली आणि त्यांच्यामागून मोठी बहीण. आईच्या तिरडीला खांदा द्यायला माणसे पुरेनात. उंची कमी पडत होती, म्हणून रमाबाईंनी तिरडीचा दांडा डोक्यावर पेलला आणि सुमारे तीन मैलांवरच्या स्मशानापर्यंत नेला.

६/ हे सारे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले. एरवी अशा आठवणींत माणूस दैवाला बोल लावतो किंवा मृतांना देवत्व देतो. रमाबाईंच्या लेखनात आईवडिलांविषयी अपार माया आहे, पण त्यांच्या मृत्यूची कारणमीमांसा निर्दय स्पष्टपणे केलेली आहे. हात असूनही त्यांना काम येत नव्हते आणि काम करणे हीनपणाचे मानले जात होते, हे त्या विसरल्या नाहीत. पुढच्या पन्नास वर्षांतले त्यांचे बहुतेक निर्णय या एका आठवणीकडे नेऊन लावता येतात.

७/ पुढचा प्रवास वेगाने सांगता येतो. भावासह हजारो मैलांची पायपीट, थेट काश्मीरपर्यंत. झेलमच्या काठी थंडीपासून बचावण्यासाठी वाळूत खड्डे करून त्यांत स्वतःला पुरून घेतलेल्या रात्री. १८७८ मध्ये कलकत्ता, तेथे 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या. १८८० मध्ये भावाचा मृत्यू. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी आंतरजातीय विवाह. १८८१ मध्ये मुलगी मनोरमा. फेब्रुवारी १८८२ मध्ये पतीचा कॉलऱ्याने मृत्यू. वय अवघे तेवीस.

८/ सिल्चरच्या संसारात पतीच्या पुस्तकांमध्ये त्यांना लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत सापडली होती. त्यांनी ती कुतूहलाने वाचली. पण एखादे पुस्तक वाचून या बाईंनी धर्म बदलला, असे समजणे चूक ठरेल. पती गेल्यावर त्या पुण्यास आल्या. न्या. रानडे, डॉ. भांडारकर यांच्या वर्तुळात त्यांचे स्वागत झाले. त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, 'स्त्रीधर्मनीति' लिहिली, हंटर आयोगापुढे साक्ष दिली. आणि १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या.

९/ तेथे काय घडले हे त्यांच्याच आत्मनिवेदनातून कळते. लंडनमध्ये ख्रिस्ती भगिनी 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांची सेवा करीत होत्या. रमाबाईंनी ते काम पाहिले आणि त्या चकित झाल्या, कारण अशा स्त्रियांसाठी प्रायश्चित्त असते, शिक्षा असते, एवढेच त्यांनी आजवर शास्त्रांत वाचले होते. असे का करता, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वॉन्टेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

१०/ अर्थात चर्चच्या अधिकाऱ्यांना वाटले की आता ही आज्ञाधारक होईल. तसे काही झाले नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरेच का, संस्कृत का नकोत, असा वाद त्यांनी घातला. शाकाहार सोडला नाही. आपल्या बुद्धीला पटल्याशिवाय कोणत्याही धर्माधिकाऱ्याचे म्हणणे मान्य करणार नाही, हे त्यांनी पत्रांतून वारंवार बजावले. पुण्यातल्या सनातन्यांना न जुमानणारी बाई वॉन्टेजच्या मठातही तशीच वागत होती, हे त्यांचे टीकाकार आणि भक्त दोघेही सोयीस्करपणे विसरतात.

११/ १८८६ मध्ये त्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेस गेल्या. तेथील समाजाची त्यांनी बारकाईने पाहणी केली, इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि दहा वर्षांच्या मदतीचे वचन मिळवले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत 'शारदा सदन' उघडले. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई या पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. १८९० मध्ये सदन पुण्यास हलले. मुंबईहून बोरघाट, लोणावळा, तळेगाव, पुणे. आरंभी उल्लेखिलेला लोहमार्ग तो हाच.

१२/ पुण्यात वणवा पेटला. सदनात धर्मशिक्षण दिले जाणार नाही, असे आश्वासन होते. पण बाईंच्या प्रार्थनेच्या खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली तेथे येऊन बसत. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागारपद सोडले, पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. येथे दोन्ही बाजू समजून घेणे आवश्यक आहे. पालकांची भीती अनाठायी नव्हती, कारण विश्वासाने पाठवलेल्या विधवा मुलीचा धर्म बदलणे म्हणजे ती कुटुंबाला कायमची अंतरणे. रमाबाईंचा प्रश्नही खोटा नव्हता. त्या स्वतःच्या घरात दार लावून चोरासारखी प्रार्थना का करतील?

१३/ याच काळात, १८९१ च्या सुमारास, रमाबाईंच्या आत आणखी एक स्थित्यंतर झाले. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त अजून सापडला नव्हता, अशा अर्थाची कबुली त्यांनी पुढे दिली. आठ वर्षे ख्रिस्ती म्हणून वावरल्यावर असे म्हणायला धैर्य लागते. यानंतर त्यांची भाषा बदलली. तर्काची जागा विश्वासाने घेतली, असे चरित्रकार म्हणतात. पण हिशेबाच्या वह्या मात्र त्या पूर्वीइतक्याच काटेकोर ठेवीत.

१४/ कारण अमेरिकेची मदत दहा वर्षांनी संपणार होती. संस्था स्वतःच्या पायावर उभी राहावी म्हणून त्यांनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली. तेथे विहिरी खोदायच्या, फळबाग लावायची आणि उत्पन्नावर सदन चालवायचे, असा बेत होता. कोरड्या माळावर फळबाग! पुण्यातल्या अनेकांना तो वेडेपणा वाटला असल्यास नवल नाही.

१५/ आणि दुसरा दुष्काळ आला. १८९६-९७. मध्य प्रांतात, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशाच्या मोठ्या भागात, गावे ओस पडली. रमाबाईंना ही बातमी पोहोचली तेव्हा हाती पुरेसा पैसा नव्हता. त्यांनी लिहिले आहे की बावीस-तेवीस वर्षांपूर्वीचे अरण्यातले दिवस डोळ्यांपुढे उभे राहिले आणि स्वस्थ बसणे अशक्य झाले. दुष्काळछावण्यांत हाडांचे सापळे झालेल्या मुली होत्या, आणि त्यांना फसवून नेणारे दलालही तेथेच घिरट्या घालीत होते. १८९७ अखेरपर्यंत सुमारे तीनशे मुली त्यांच्या आश्रयास आल्या.

१६/ पुण्यात तेव्हा प्लेग होता. एवढ्या मुली शहरात ठेवण्यास सरकारने मनाई केली. मग केडगाव. फळबागेच्या जमिनीवर झोपड्या आणि छपरे उभी राहिली. ज्या जागेची योजना संत्र्यांसाठी होती, तेथे माणसे रुजली. याच सुमारास पुण्याच्या प्लेग-रुग्णालयातील स्त्रियांच्या दुर्दशेवर त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' या पत्रात उघड टीका केली. सरकारने आरोप नाकारले. ख्रिस्ती झाल्यामुळे त्या सरकारच्या बाजूच्या झाल्या, असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग अवश्य लक्षात घ्यावा.

१७/ वस्तीला नाव मिळाले 'मुक्ती'. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी शेकडो मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली. आलेल्या सगळ्याच वाचल्या नाहीत. उपासमारीने पोखरलेली शरीरे औषधाला दाद देत नसत. ज्या वाचल्या, त्यांना पहिल्याच महिन्यांत एक गोष्ट शिकवली जाई, ती म्हणजे हाताचे काम.

१८/ येथे १८७४ ची आठवण दिसते. मुक्तीत माग होते, तेलाचा घाणा होता, दूधदुभते होते, शिवणकाम, स्वयंपाक, शेती होती. अंध स्त्रियांसाठी 'बार्तिमी सदन', जेथे मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी आणली. टाकलेल्या स्त्रियांसाठी 'कृपा सदन', लंडनच्या त्या भेटीची सावली. ब्राह्मणाची विधवा आणि तथाकथित हलक्या जातीची पोर एकाच जात्यावर बसत. पहाटेची प्रार्थना आणि दिवसाचे दळण यांत रमाबाईंनी भिंत ठेवली नाही. दाणे संपल्यावर देवाची वाट पाहत बसलेले एक कुटुंब त्यांनी पाहिले होते. म्हणून त्यांची श्रद्धा प्रार्थनेला बसे आणि उठल्यावर विहिरीचे पाणी मोजायला जाई.

१९/ टीका येथेही होती आणि तिला अर्थ होता. भुकेने मरणाऱ्या अनाथ मुलीला अन्न देणारा तिला आपला धर्मही देतो, तेव्हा तिची निवड कितपत मुक्त असते? रमाबाईंकडे याचे पूर्ण समाधानकारक उत्तर नव्हते. एवढे खरे की त्या मुलींना घ्यायला त्या वर्षी फारसे कोणी पुढे आले नव्हते.

२०/ एक आडवळण. १९०५ मध्ये मुक्तीत प्रार्थनेची प्रचंड लाट उसळली. तेथील सहकारी मिनी एब्रम्स यांनी त्यावर एक पुस्तिका लिहिली. ती चिलीतल्या व्हालपराइसो येथील एका मिशनरी दांपत्याकडे पोहोचली आणि १९०९ मध्ये तेथे पेंटेकॉस्टल चळवळ उभी राहण्यास कारणीभूत ठरली. दक्षिण अमेरिकेतील एका मोठ्या धर्मप्रवाहाचा एक झरा दौंड तालुक्यात आहे, हे दौंडकरांनाही सहसा ठाऊक नसते.

२१/ स्वतः रमाबाई मात्र तोवर दुसऱ्याच कामात बुडाल्या होत्या. प्रचलित मराठी बायबल त्यांना जड वाटे. त्यांच्या मते ते संस्कृतप्रचुर होते, शिवाय हिंदू तत्त्वज्ञानाच्या परिभाषेने गढूळ झालेले. मुक्तीतल्या मुलींना ते कळत नसे. म्हणून पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. सहकारी स्त्रियांसाठी हिब्रूचे व्याकरण मराठीत लिहिले. आणि मूळ भाषांतून संपूर्ण बायबलाचे भाषांतर हाती घेतले.

२२/ यातला विरोधाभास लक्षणीय आहे. १६१६ मध्ये फादर स्टीफन्स यांनी 'क्रिस्तपुराण' रचले, तेव्हा त्या इंग्रज पाद्र्याने ख्रिस्ताची कथा मराठी पुराणाच्या ओवीत घातली. आणि जिचे बालपण पुराणे सांगण्यात गेले, 'सरस्वती' ही जिची पदवी, तिने पुराणाची भाषा जाणीवपूर्वक टाकून चुलीजवळची मराठी शोधली. भाषांतर काटेकोर शब्दशः असल्यामुळे ते सगळीकडे सहज वाचवत नाही, हेही प्रांजळपणे नोंदवले पाहिजे. चर्चमध्ये ते रुळले नाही.

२३/ पण छापखान्याकडे पाहावे. तो केडगावातच होता. खिळे जुळवणाऱ्या स्त्रिया, छापणाऱ्या स्त्रिया, बांधणी करणाऱ्या स्त्रिया. त्यांतल्या कित्येक दुष्काळातून आलेल्या. दहा वर्षांपूर्वी ज्यांना स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते, त्या शिशाची उलटी अक्षरे वाचीत होत्या.

२४/ १९१९ मध्ये सरकारने 'कैसर-इ-हिंद' पदक दिले. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमाबाई गेल्या, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. संस्थेचा भार त्याच सांभाळणार होत्या. गुलबर्ग्याची शाळाही त्यांनीच उभारली होती. रमाबाईंचे आईवडील, बहीण, भाऊ, पती आणि आता एकुलती मुलगी. श्रवणशक्ती खालावलेली, शरीर थकलेले. त्या पुन्हा मुद्रितांकडे वळल्या.

२५/ शेवटची मुद्रिते तपासून होईपर्यंत आयुष्य दे, अशी प्रार्थना त्यांनी केली आणि काम हातावेगळे झाल्यावरच त्या गेल्या, अशी आठवण मुक्तीत सांगितली जाते. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले. छपाई उरली होती. ती त्या स्त्रियांनी चालू ठेवली आणि १९२४ मध्ये संपूर्ण बायबल बाहेर पडले.