वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया आणि आपल्या देवालयाचे अंगण

धर्मग्रामाच्या ह्या महोत्सवाच्या निमित्ताने गेले काही महिने आपल्या मंडळात एकाच गोष्टीचा खल चालला आहे. देवालयासमोरील अंगणावर कायमचे छप्पर घालावे की ते आहे तसेच मोकळे ठेवावे? उन्हाळ्यात फरशी तापते, आषाढात लग्नाचे वऱ्हाड भिजते, मंडपाचा खर्च दरसाल नव्याने करावा लागतो. ह्या तक्रारी खऱ्या आहेत, आणि त्या करणारी माणसे धर्मग्रामासाठी झिजणारीच आहेत. मजजवळ लेख मागण्यात आला तेव्हा ह्या वादात नुसते मत देण्यापेक्षा एका माणसाची हकीकत सांगावी असे मनाने घेतले. तो माणूस आपल्यापैकीच, गोमंतकीय कॅथलिक घराण्यातला. त्यांचे नाव चार्ल्स कोरिया.

कोरिया ह्यांचा जन्म १ सप्टेंबर १९३० रोजी सिकंदराबादेस झाला. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकून ते अमेरिकेस गेले. प्रथम मिशिगन विद्यापीठात आणि नंतर एम. आय. टी. ह्या विख्यात संस्थेत त्यांनी वास्तुविद्येचे अध्ययन केले. १९५८ साली त्यांनी मुंबईत आपला व्यवसाय सुरू केला. १९७२ साली पद्मश्री, १९८४ साली ब्रिटिश वास्तुशिल्पी संस्थेचे सुवर्णपदक, २००६ साली पद्मविभूषण असे मान त्यांना मिळाले, आणि १६ जून २०१५ रोजी मुंबईतच त्यांचे देहावसान झाले. परंतु पदकांची यादी वाचून माणूस कळत नाही. त्यासाठी त्यांच्या खेळण्यांकडे वळले पाहिजे.

लहानपणी कोरियांना हॉर्नबी कंपनीच्या खेळण्यातल्या आगगाड्यांचे विलक्षण वेड होते. रुळांची वळणे कशी टाकावीत, गाडी कोठून कोठे न्यावी, ह्याचे आराखडे काढण्यात हे मूल रमून जाई. पुढे मोठेपणी त्यांनी एक निबंध लिहिला, आणि त्याच्या शीर्षकातच ह्या आगगाड्यांना चिनी बागांच्या व वास्तुकलेच्या पंक्तीस बसविले. वाचकांस ह्याचे नवल वाटेल. पण थोडा विचार केला म्हणजे त्यातील मर्म ध्यानी येते. चिनी बागेतली वाट सरळ जात नाही. ती वळते, दडते, पुन्हा उघडते, आणि म्हणून बिघाभर जागेत माणसास दूरचा प्रवास घडल्यासारखे वाटते. खोलीच्या जमिनीवर रूळ मांडणारे पोरही तेच करीत असते. कोरियांच्या इमारतींत जो फिरला असेल त्याला हे सांगावयास नको. तेथे एका दारातून आत शिरून सर्व काही एका दृष्टिक्षेपात दिसत नाही. चालावे लागते, आणि चालताना मध्येच माथ्यावर आभाळ येते.

हे आभाळ त्यांनी कोठून आणले? मला वाटते, ते ह्या भूमीतूनच आणले. थंड मुलखात घर म्हणजे बंद पेटी. बाहेर बर्फ, आत शेकोटी. आपल्याकडे मात्र पहाटे ओसरीवर, दुपारी माजघरात, सायंकाळी अंगणात आणि उन्हाळ्याच्या रात्री गच्चीवर, असे घरातले माणूस दिवसभर जागा बदलीत असते. कोल्हापुरातल्या जुन्या वाड्यात ज्यांचे बालपण गेले, चौकात बसून ज्यांनी आजीच्या हातचा घास खाल्ला, त्यांना हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. कोरियांनी परदेशी विद्या घेतली खरी, पण परत येऊन लिहिताना त्यांनी दाखला दिला तो असा की, अमेरिकेत शिक्षण म्हटले म्हणजे लहानशी शाळेची खोली डोळ्यांपुढे येते. हिंदुस्थानात येतो तो झाडाखाली बसलेला गुरू. आपल्या प्रभूनेही डोंगरावर आणि सरोवराकाठीच शिकविले, ही जोड मात्र माझी.

साबरमतीच्या आश्रमातील गांधी स्मारक संग्रहालय हे त्यांचे पहिले मोठे काम. १९६३ साली पंडित नेहरूंनी त्याचे उद्‌घाटन केले. विटांचे खांब, कौलारू छप्पर, सहा मीटर लांबीरुंदीचे चौक. त्यांपैकी काही झाकलेले, काही उघडे. खिडक्यांना काच नाही, लाकडी झडपा आहेत. मुंबईच्या कांचनजंगा ह्या २८ मजली इमारतीत तर त्यांनी जुन्या बंगल्याची ओसरीच आकाशात चढविली. पश्चिमेस समुद्र आहे, वारा तिकडूनच येतो. पण भाजणारे ऊन आणि झोडपणारा पाऊसही तिकडूनच येतो. म्हणून प्रत्येक घराला दोन मजले उंचीची गच्ची देऊन त्यांनी ऊनपाऊस बाहेरच अडविला आणि वारा आत घेतला. नवी मुंबईतील बेलापूर येथे १९८३ ते १९८६ च्या दरम्यान त्यांनी सामान्य माणसांसाठी जी घरे रचिली, तीही लहान लहान अंगणांभोवती, सात-सातांच्या आसपास गटाने. ज्यांना पुण्यास जाणे होते त्यांनी विद्यापीठाच्या आवारातील 'आयुका' ही खगोलशास्त्राची संस्था बाहेरून तरी पाहावी. तेथील चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन उघड्या आभाळाखाली आहेत. ज्योतिर्विदांना ह्याहून योग्य जागा कोणती?

आता आपल्या विषयाकडे येतो. मुंबईच्या दादर भागातील साल्वासांव देवालय, ज्याला लोक पोर्तुगीज चर्च म्हणतात, मूळचे १५९६ सालचे. सध्याची इमारत १९७४ ते १९७७ च्या दरम्यान कोरियांनी उभारिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरचे ते दिवस; उपासनेत लोकांनी नुसते पाहत न राहता सहभागी व्हावे असे ख्रिस्तसभेने नुकतेच सांगितले होते. कोरियांनी एक मोठे दालन बांधले नाही. प्रभूच्या जीवनातील टप्पे ध्यानी घेऊन, स्नानसंस्कारापासून आरंभ करून, त्यांनी झाकलेल्या व उघड्या जागांची साखळी गुंफिली. वर काँक्रीटच्या उंच टोप्या आहेत. त्यांतून उजेड उतरतो आणि तापलेली हवा वर निघून जाते. पहिल्या भेटीत मला ती वास्तू रुक्ष वाटली, हे कबूल करतो. आमच्या पिढीला देवालय म्हणजे शुभ्र दर्शनी भिंत आणि घंटेचा मनोरा. पण मिस्सा संपल्यावर लोक त्या चौकांतून रेंगाळत बाहेर पडताना पाहिले, तेव्हा रुळांशी खेळणारे ते मूल आठवले.

कोल्हापुराला ही दृष्टी परकी नाही. येथील महालक्ष्मीच्या मंदिरात वर्षातून दोनदा मावळत्या सूर्याचे किरण गाभाऱ्यापर्यंत पोचतात. तो किरणोत्सव आपले शेजारी किती आतुरतेने पाहतात हे आपण जाणतोच. आणि पश्चिमेकडील बांधकामांनी किरणांची वाट अडते अशी हळहळही अलीकडे ऐकू येते. शेकडो वर्षांपूर्वीच्या त्या अनामिक स्थपतीने मूर्तीसाठी सूर्याचा मार्ग मोकळा ठेविला होता.

आपल्या उपासनेचे काय? पास्काच्या रात्री नवा अग्नी देवालयाबाहेर, अंधारात पेटवावयाचा असतो. त्या ज्योतीवर मेणबत्ती लावून आपण आत जातो. झावळ्यांच्या रविवारची मिरवणूक बाहेरूनच निघते. स्नानसंस्कारासाठी आणलेल्या बालकाचे स्वागत दाराशी होते. छपराखाली पेटविलेला अग्नी अवैध ठरत नाही, हे मी जाणतो. विधिग्रंथात पत्र्याला बंदी नाही. पण ज्या मुलाने तो अग्नी कधी आभाळाखाली पाहिलाच नाही, ते मोठेपणी काय आठवील, हा प्रश्न मी मंडळापुढे ठेविला आहे.

सभेत एका वृद्ध बाईंनी मध्यम मार्ग सुचविला तो येथे नमूद करतो. अंगणाच्या तीन बाजूंनी कौलारू ओसरी काढावी, म्हणजे वऱ्हाड भिजणार नाही. मधला चौक उघडा राहू द्यावा. खर्चाचा अंदाज मागविला आहे. तो आल्यावर पुढील महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुसऱ्या मिस्सानंतर, सर्वांनी अंगणातच जमावे. खुर्च्या मांडल्या जातील. ऊन असल्यास छत्र्या आणाव्यात.