साताऱ्याचा पिनकोड ४१५००१ ही मूळ संख्या आहे का?

सांगलीचा पिनकोड ४१६४१६. याचे अवयव पाडायला कागदही लागत नाही. ४१६ दोनदा लिहिले की ते ४१६ × १००१ होते आणि १००१ म्हणजे ७ × ११ × १३.

साताऱ्याचा ४१५००१ मात्र सहज दाद देत नाही. शेवटी १ आहे, म्हणजे २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ११, म्हणजे ३ बाद. ७ ने भागल्यावर ६ उरतात, ८३ ने १ उरतो. १ आणि स्वतःशिवाय कशानेच भाग जात नाही ती मूळ संख्या. शाळेतल्या पद्धतीने हे ठरवायचे तर वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे ६४४ पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहावे लागते. १११ भागाकार वाया जातात. ११२ व्या खेपेला ६१३ ने भाग जातो: ६१३ × ६७७ = ४१५००१. म्हणजे ही मूळ संख्या नाही, पण तिचे दोन्ही अवयव मूळ आहेत. (गाडीच्या नंबरात मात्र सातारा पुढे: एमएच-११ मधला ११ मूळ, सांगलीचा १० नाही.)

दोन मूळ संख्यांचा गुणाकार सोपा आणि तो उलट फोडणे अवघड, याच गोष्टीवर १९७७ ची ‘आरएसए’ ही कुलूपपद्धत उभी आहे. इंटरनेटवर ती आजही वापरात आहे. २०४८ बिटच्या कुलपातली संख्या ६१७ अंकी असते आणि तिच्या पोटात सुमारे ३०९ अंकी दोन मूळ संख्या असतात. एवढ्या मोठ्या मूळ संख्या दुर्मीळ नाहीत, त्या आकाराच्या दर ७१० संख्यांमागे साधारण एक सापडते. ती ओळखायला अवयव शोधावे लागत नाहीत. फर्माच्या नियमानुसार, p ही २ पेक्षा मोठी मूळ संख्या असेल तर २ चा (p − १) वा घात p ने भागल्यावर १ च उरतो. ४१५००१ या परीक्षेत नापास होते, म्हणजे अवयव माहीत नसतानाही ती मूळ नाही हे कळते. उलट, काही मोजक्या फसव्या संख्या इथे पास होतात, म्हणून संगणक यापेक्षा कडक चाचण्या लावतात.

पण साताऱ्याचे कुलूप तकलादू आहे. ६४५ चा वर्ग ४१६०२५. त्यातून ४१५००१ वजा केले की उरतात १०२४, म्हणजे ३२ चा वर्ग. मग ६४५ − ३२ = ६१३ आणि ६४५ + ३२ = ६७७. ११२ भागाकारांचे काम एका वजाबाकीत! ही युक्तीही फर्माचीच, सतराव्या शतकातली. दोन अवयव एकमेकांच्या फार जवळ असले की ती लागू पडते. २०२२ मध्ये काही प्रिंटरनी बनवलेल्या आरएसए चाव्या याच कारणाने फुटल्या.

आकड्यांचा आकार एकटा पुरत नाही तो असा. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली सर्वात मोठी ज्ञात मूळ संख्या, २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १, तब्बल ४,१०,२४,३२० अंकी आहे. कुलपासाठी ती निरुपयोगी, कारण ती सगळ्यांनाच माहीत आहे.