माळवदावरची माती

देगलूर तालुक्यात आमच्या शेतात एक आखाडा आहे. हैदराबादेतच जन्मून वाढलेल्या मराठी वाचकांसाठी सांगावयास हवे, की हा पैलवानांचा आखाडा नव्हे. नांदेड-परभणीकडे शेतातल्या राहत्या घराला, त्याच्या गोठ्यासह आणि खळ्यासह, आखाडा म्हणतात. आम्हां दोघांच्या नोकऱ्या संपल्या (एकीची शाळेतली, दुसऱ्याची लेखापरीक्षणातली) तेव्हा शहरातले बिऱ्हाड न मोडता वर्षातले काही महिने तिकडे राहावे, असे ठरले. ज्या मांजरेचे पाणी हैदराबादेत नळातून पीत आलो, तीच नदी संगारेड्डीपाशी उत्तरेकडे वळून, निजामसागर ओलांडून आमच्या भागाजवळून गोदावरीकडे जाते. एवढ्या जुन्या ओळखीवर तिथले घर आपल्याला परके वाटणार नाही, असा आमचा समज होता.

घर सहा खणांचे. दोन हातांहून जाड दगडमातीच्या भिंती, सागवानी खांब, त्यांवर तुळया आणि वर माळवद. घराण्यात सांगितले जाई, की हा आखाडा पणजोबांनी बांधला आणि त्याला दीडशे वर्षे झाली. मधल्या तुळईवरची काजळी पुसली तेव्हा उर्दू आकड्यांत कोरलेले १३३९ दिसले. हैदराबादच्या पाट्या वाचण्याइतकी ती अक्षरे आम्हांला येतात. हे शके मानावे, तर घर बहमनी काळात जाते; हिजरी मानावे, तर १९२०-२१ निघते. परंतु निजामी राज्यात शेतसाऱ्याचा, कचेरीचा आणि म्हणून शेतकऱ्याच्या घराचाही हिशेब फसली सालाने चाले. फसलीत ५९० मिळविले, की इसवी सन मिळतो. म्हणजे १९२९-३०. घराचे वय पन्नासहून अधिक वर्षांनी उतरले आणि बांधणारे पणजोबा नसून आजोबा ठरले. नातेवाइकांपैकी काहींना हे अद्याप रुचलेले नाही.

माळवदाची रचना थोडी सविस्तर सांगितली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. तुळयांवर लग, लगांवर किलचण म्हणजे लाकडाच्या आखूड चिपा, तिच्यावर पाला आणि त्यावर चोपलेली पांढरी माती. ही माती गावठाणातून किंवा पडक्या गढीवरून आणीत. तिच्यातून पाणी सहसा झिरपत नाही. मात्र दर वर्षी मृगाआधी तिचा नवा थर द्यावा लागतो, उतार नीट करावा लागतो, पन्हाळी मोकळ्या कराव्या लागतात. जुना थर कोणी काढीत नाही. त्यामुळे माळवद वर्षागणिक वाढत जाते. आमचे दोन फुटांवर गेले होते. एवढ्या जाडीच्या मातीचे वजन चौरस मीटरला जवळजवळ एक टन भरते. उन्हाळ्यात ती घर गार ठेवते, हेही खरे. आमच्या पहिल्या वैशाखातल्या दुपारी त्या गारव्यात झोपताना डोक्यावर किती भार आहे, हा विचार मनात आला नाही.

तो यावयास हवा होता. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे चारच्या सुमारास, किल्लारी-सास्तूरच्या भागात भूकंप झाला. आठ ते दहा हजार माणसे गेली आणि पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. धक्का हैदराबादेतही जाणवला होता. आम्ही पलंगावरून उठून गच्चीवर गेलो होतो. तिथली घरे आमच्या आखाड्यासारखीच होती. भिंत एक दिसे, पण असे दोन थरांची: आतला दगड वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये चिखल आणि कपच्या, दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. हादऱ्याने हे दोन थर फुटून सुटे झाले आणि वरची माती खाली आली. जिथे खांब-तुळयांचा सांगाडा चांगला जोडलेला होता, तिथे भिंती पडूनही तो अनेक ठिकाणी उभा राहिला, आणि त्याखालची माणसे वाचली. जुनी बांधणी म्हणजे पूर्वजांचे शहाणपण, असे म्हणणाऱ्यांनी आणि जुने म्हणजे धोक्याचे, असे म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही हा तपशील पाहण्याजोगा आहे.

गुत्तेदाराने अर्थातच सारे पाडून स्लॅब टाकण्याचा सल्ला दिला. आम्ही सांगाडा ठेवावयाचे ठरविले. भारतीय मानक ब्यूरोने दगडमातीच्या कमकुवत बांधकामासाठी १९९३ मध्येच काढलेली संहिता आणि किल्लारीनंतरच्या दुरुस्तीचा अनुभव यांवरून कामे ठरली: भिंतीत ठराविक अंतरावर आरपार दगड बसविणे, खांब आणि तुळई यांच्या सांध्यांना तिरपे लाकडी आधार देणे, आणि सर्वांत आधी माळवदावरची माती उतरवून अर्ध्या फुटावर आणणे. पहिली दोन कामे करणारे गवंडी-सुतार देगलुरात मिळाले. माळवद जाणणारा मात्र कोणी उरला नव्हता. शोधता शोधता बिचकुंद्याकडचा एक पन्नाशीचा शेतकरी मिळाला. पहिल्याच दिवशी ढेलजेत उभे राहून त्याने सांगितले, की त्याचे आजोबा याच आखाड्यात राहत.

आमच्या घरी १९४८ ची गोष्ट पाठ आहे. रझाकारांच्या धास्तीने १९४७ च्या दिवाळीनंतर कुटुंब निघाले, वऱ्हाडात उमरखेडला नातलगांकडे राहिले आणि पोलिस कारवाईनंतर परतले. घर जसेच्या तसे मिळाले, देवाची कृपा, असे तिचे शेवटचे वाक्य. ती गोष्ट आम्ही मुलांना सांगितली आहे, वर्गातही सांगितली आहे. आता माळवद उकरताना तिच्यातली त्रुटी ध्यानात आली. १९४८ चा मृग या दोन तारखांच्या मध्ये येतो. त्या पावसाळ्याआधी माती पडली नसती, तर पाणी पाल्यात उतरले असते आणि किलचण कुजली असती. सहाही खणांची किलचण मूळची आहे आणि कोरडी आहे. म्हणजे माती पडली. ती कोणी टाकली? आम्ही हे मोठ्याने विचारले तेव्हा त्या शेतकऱ्याने काम न थांबविता सांगितले, की त्या साली आजोबा-आजींनी रात्री माती वाहिली होती, आजी सांगायची.

हैदराबादच्या मुक्तिलढ्यावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात मालकाच्या मागे राहिलेल्या कुळांची अशी कामे कितीशी आली आहेत?

आजोबा त्या जमिनीचे कूळ होते. तहसिलीतून काढलेल्या नकलांत त्यांचे नाव १९५१ च्या संरक्षित कुळांच्या यादीत आहे. हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९५० सालचा. त्याने अशा कुळांना काढणे कठीण केले आणि पुढे जमीन विकत घेण्याची वाटही दाखविली. त्याआधीचा १३५४ फसलीचा आसामी शिकमी कायदाही याच दिशेचा, पण नेभळट. आमच्या नकलांत यादीनंतर एक राजीनामा येतो, १९५३ चा: मी राजीखुशीने जमीन सोडीत आहे, खाली अंगठा. १९५४ च्या खासरा पत्रकात वहिवाट ‘खुद्द’ आहे. उस्मानिया विद्यापीठातर्फे अर्थशास्त्रज्ञ अ. म. खुस्रो यांनी केलेली पाहणी १९५८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत १९५१ च्या शंभर संरक्षित कुळांपैकी तीनेक वर्षांनी सुमारे पंचेचाळीसच तशी उरली होती. बाराएक जमिनीची मालक झाली, बावीस बेकायदा काढली गेली आणि सुमारे अठरांनी ‘राजीखुशीने’ जमीन सोडली. त्या अठरांमधील एकाचा अंगठा आता आमच्या टेबलावर आहे. आकडे म्हणून ही पाहणी आमच्यापैकी एकीने पूर्वी शिकविली होती.

ते कुटुंब मांजरेच्या बाजूला सरकले आणि बिचकुंद्याच्या रोखाने थोड्या कोरडवाहू जमिनीवर राहिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य मोडले तेव्हा देगलूर तालुकाही मोडला: तालुका मुंबई राज्यात आला, त्याची बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळे आंध्रात राहिली. मालक मराठी राज्यात आणि त्याचे जुने कूळ तेलुगू राज्यात, अशी वाटणी झाली. ते घर आजही मराठी बोलते. नातवाची मुले तेलुगू माध्यमात शिकली.

राजीनाम्याची नक्कल आम्ही त्याला दाखविली. त्याने ती दोन्ही हातांत धरून पाहिली, मराठी वाचता येत नाही म्हणाला, म्हणून वाचून दाखविली. तो म्हणाला, “आजोबाला सही येत होती की, काका.” मग पन्हाळीच्या उताराविषयी बोलू लागला. त्या एका वाक्यावर आम्ही महिनाभर आपसांत बोलत आहोत. एकीचे म्हणणे, की नदीकडचे दोन एकर त्याच्या नावे करून द्यावेत. दुसऱ्याचे म्हणणे, की त्यात भावंडांचे हक्क आहेत आणि दान दिल्याचा आव येईल. भावंडांना पत्रे गेली आहेत. एकाचे उत्तर आले, ते येथे देण्याजोगे नाही.

माती उतरली तेव्हा अंगणात ढीग झाला. त्यात बांगड्यांचे तुकडे, कणसांची बुरकुंडे, एक लोखंडी नाल निघाली. जुनी पांढरी माती शेताला चांगली, हे आम्हांला ठाऊक नव्हते. आम्ही ती ओढ्यात टाकणार होतो. त्याने विचारले, “टाकूनच देणार असताल तर आमच्या रानात नेऊ का?” नऊ ट्रॉल्या भरल्या. त्या मदनूरच्या रस्त्याने तेलंगणात गेल्या. उरलेला अर्ध्या फुटाचा थर त्याने स्वतः चोपून दिला आणि जाताना बजावले, की मृगाच्या आधी आठ दिवस निरोप द्या, उशीर करू नका.