रात्री १.१४ चा इशारा

१७ जुलै १९८७, शुक्रवार. टेक्ससमधल्या कम्फर्ट गावाजवळ, ग्वादलूप नदीच्या काठी, एका बॅप्टिस्ट चर्चच्या मुलांचं शिबिर होतं. रात्री वरच्या अंगाला, हंट गावाच्या पश्चिमेला, साडेअकरा इंचांपर्यंत पाऊस कोसळला. सकाळी मुलांना बाहेर काढायला बस आणि व्हॅन निघाली आणि नदीच्या कडेला बंद पडली. मुलं उतरून पायी निघाली तोच लोंढा आला. ३९ मुलं, ४ मोठी माणसं. ३३ जणांना वाचवलं, १० मुलं गेली. त्यातल्या एकाचा देह कधीच हाती लागला नाही.

३८ वर्षांनंतरच्या एका रात्रीचा हिशेब मांडायचा, तर तो इथूनच मांडावा लागतो. नदी तीच आहे.

२०१७. हंट ज्या केर काउंटीत येतं, तिने पुराच्या भोंग्यांसाठी आणि इशारा यंत्रणेसाठी निधी मागितला. खर्च सुमारे १० लाख डॉलर. अर्ज नामंजूर झाला. श्रीमंत राज्यातल्या, उन्हाळी शिबिरांवर जगणाऱ्या नदीकाठाला एवढे पैसे उभे करता येऊ नयेत, हे मला आजही पटत नाही.

२ जुलै २०२५. हंटजवळच्या ‘कॅम्प मिस्टिक’ची सरकारी तपासणी झाली. १९२६ पासून चालणारं मुलींचं हे ख्रिस्ती शिबिर. आई, आजी, नात अशा पिढ्या इथे राहून गेलेल्या. आपत्तीचा आराखडा आहे का, या रकान्यात ‘आहे’ अशी नोंद झाली. शिबिराच्या कितीतरी इमारती एकेकाळी सरकारी नकाशात पूररेषेच्या आत होत्या. २०१३ पासून एकेक अपील करून त्या बाहेर काढून घेतल्या होत्या. नदीला अर्थातच या अपिलांची प्रत कोणी पाठवली नव्हती.

३ जुलै, दुपारी १.१८. हवामान खात्याने पूर येण्याची शक्यता जाहीर केली. एक ते तीन इंच पाऊस, काही ठिकाणी पाच ते सात. बॅरी या विरलेल्या वादळाचं बाष्प आकाशात साचलेलं. या डोंगराळ भागाची जमीन म्हणजे चुनखडीच्या खडकावर मातीचा पातळ थर. पाणी मुरत नाही, उतारावरून थेट नदीत येतं. सह्याद्रीच्या पायथ्याशी, डोक्यावर ऊन असताना ओढ्याला अचानक पाणी आलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना आणखी सांगायला नको.

रात्र. दुसऱ्या दिवशी अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, त्याला जोडून शनिवार-रविवार. नदीकाठ पाहुण्यांनी भरलेला. मिस्टिकमध्ये मोठ्या मुलींच्या केबिन टेकडीवर, सगळ्यांत लहान, आठ-नऊ वर्षांच्या मुलींच्या खाली सपाटीवर, नदीजवळ. मुलींकडे फोन नव्हते. शिबिराचा नियमच तसा, आणि एरवी आपण त्याचं कौतुकच केलं असतं.

४ जुलै, १.००. हंटला नदीच्या दोन शाखा एकत्र येतात. उत्तर शाखेवर प्रेस्बिटेरियन चर्चचं ‘मो-रँच’ आहे. तिथेही एका युवा परिषदेसाठी माणसं मुक्कामाला होती. देखभालीचं काम पाहणाऱ्या माणसाला पाणी चढताना दिसलं आणि त्याने वरिष्ठांना उठवलं. नदीकाठच्या इमारतीत झोपलेल्या सुमारे ७० जणांना उंचावर नेण्यात आलं. इशारा अजून आलाच नव्हता.

१.१४. तो आता आला. केर काउंटीसाठी अचानक पुराचा इशारा, मोठ्या नुकसानीची शक्यता अशा शेऱ्यासह. अशा शेऱ्यामुळे मोबाइलवर कर्कश गजर वाजतो. मात्र तो वाजायला मोबाइल उशाशी हवा, चालू हवा, आणि त्या दरीत रेंज हवी.

यानंतरचे दोन-अडीच तास या रात्रीतले सगळ्यांत महत्त्वाचे, आणि आता सगळ्यांत वादाचेही. कोणी कधी ठरवलं, कोणी कधी दार ठोठावलं, यावर कोर्टकज्जे चालू आहेत. कार्यालयाने सांगितल्याशिवाय केबिन सोडू नका, अशी शिबिराची लेखी सूचना होती, असं पालकांच्या दाव्यांत म्हटलंय. सत्तरीतले संचालक स्वतः गाडी घेऊन खालच्या केबिनकडे गेले आणि मुलींना बाहेर काढता काढता वाहून गेले, एवढं मात्र खरं. त्यांचं धैर्य मला नाकारायचं नाही. पण पाणी दारात आल्यावर लागणारं धैर्य आणि पाऊण तास आधी लागणारी शिस्त, या दोन गोष्टी मी एकाच पारड्यात घालणार नाही. टेकडी चालत गाठता येण्याजोगी होती.

४.०३. हवामान खात्याने पुराची आणीबाणी जाहीर केली. याच्या वरची पायरी त्यांच्याकडे नाही.

४.२२. खालच्या इंग्राम गावच्या अग्निशमन दलातल्या एका जवानाने नियंत्रण कक्षाला विचारलं, लोकांच्या फोनवर काउंटीतर्फे सूचना पाठवता येईल का? वरिष्ठांची परवानगी घ्यावी लागेल, असं उत्तर मिळालं.

पहाट. राज्याच्या लेफ्टनंट गव्हर्नरांनी नंतर सांगितलं, नदी ४५ मिनिटांत २६ फूट चढली. हंटच्या मोजपट्टीवर पाणी ३७ फुटांच्या वर गेलं. १९३२ च्या पुराची खूण बुडाली. मिस्टिकच्या एका केबिनमधल्या १३ मुली आणि त्यांना सांभाळणाऱ्या दोन्ही ताया, कोणीच परतलं नाही. शिबिरातल्या एकूण २५ मुली आणि २ ताया गेल्या. आठ वर्षांच्या एका मुलीचा देह महिने उलटले तरी सापडला नाही. टेक्ससमधल्या या पुराचे एकूण बळी १३० च्या वर गेले.

सकाळ. लोंढा खाली कम्फर्टला पोहोचला. १९८७ मधलं तेच कम्फर्ट, जेमतेम सव्वादोन हजार वस्तीचं. तिथल्या स्वयंसेवी अग्निशमन दलाने अलीकडेच पैसे जमवून भोंग्यांची यंत्रणा वाढवून घेतली होती. भोंगा वाजला, लांबलचक, एकसुरी. लोक घरं सोडून वर गेले. कम्फर्टमध्ये त्या दिवशी कोणीही दगावलं नाही.