परमुलखातली मावशी

आमच्या असोद्यात परमुलूख फार लवकर सुरू होई. जळगाव इथून जेमतेम दोन कोस. पण लेक जळगावात दिली की ती परमुलखात गेली, असेच घरातल्या म्हाताऱ्या धरून चालत. तिथे भाजीत मीठ कमी, बोलण्यात तिखट जास्त, आणि पदर किती पुढे ओढायचा याचे मापही निराळे! याच गावची बहिणाबाई. तिचा जन्म १८८० चा, माहेर महाजनांचे. लहान वयात लग्न होऊन ती जळगावच्या चौधऱ्यांकडे गेली, आणि त्या दोन कोसांवरचे माहेर जन्मभर गात राहिली. गाणी पुस्तकरूपाने निघाली १९५२ साली, ती गेल्यानंतर.

ही बहिणाबाई तीन वर्षांचीही झाली नव्हती, तेव्हा ७ एप्रिल १८८३ रोजी अठरा वर्षांची एक मराठी मुलगी कलकत्त्याहून अमेरिकेच्या वाटेला लागली. बरोबर नवरा नाही, नातलग नाही. आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला निघाल्या ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांमुळे सर्वांना ठाऊक आहे. पण अमेरिकेचे दार त्यांना उघडले ते एका बाईच्या दातांमुळे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

झाले असे, की गोपाळराव जोश्यांनी बायकोच्या शिक्षणासाठी वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याकडे मदत मागितली. हे गृहस्थ पूर्वी कोल्हापुरात होते. त्यांनी मदत केली नाही. उलट ख्रिस्ती होण्याचा सल्ला दिला आणि तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापून टाकला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई एकदा दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या होत्या. तिथे पडलेले मासिक त्यांनी चाळायला घेतले. पुढे पत्रे सुरू झाली, आणि १८८३ च्या जूनमध्ये आनंदीबाई त्यांच्या घरी दाखल झाल्या. कार्पेंटरबाईंना त्या 'मावशी' मानू लागल्या. मराठी माणसाचा हा स्वभावच आहे. परक्या घरात पाऊल टाकले की आधी नाते लावून मोकळे व्हायचे. मग ट्रंक उघडायची.

ट्रंकेत अर्थातच लुगडी. पहिली फजिती तिथेच. आपल्याकडे नऊवारी नेसलेली बाई म्हणजे मर्यादेची परिसीमा. पण कासोट्यामुळे चालताना पाय दिसतो, आणि त्या काळच्या अमेरिकेत बाईचा घोटा दिसणे म्हणजे भलतेच! आनंदीबाईंनी विचार करून गुजराती पद्धतीचे नेसणे पत्करले. त्याने पाय झाकले गेले. आता गंमत पाहा. ज्या समाजाला घोटा सोसवत नव्हता, त्याच समाजातल्या प्रतिष्ठित बायका रात्रीच्या मेजवानीला गळा नि दंड उघडे टाकून जात, आणि त्यात कोणालाच वावगे वाटत नसे. लाज सगळ्यांनाच असते. तिचा मुक्काम तेवढा मुलखागणिक बदलतो.

खाण्याची कथा याहून लांबलचक. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन, असे आनंदीबाईंनी श्रीरामपूरच्या (बंगालमधल्या; आपल्या नगर जिल्ह्यातल्या नव्हे) भाषणात जाहीर करून ठेवले होते. तेव्हा मांसाचा प्रश्नच नव्हता. त्याच न्यू जर्सीत आज मराठी माणसांची रेलचेल आहे आणि कोथिंबिरीची जुडीसुद्धा मिळते. तरी फजिती संपलेली नाही. आमच्या आळीतली एक सून तिथे असते. खानदेशातले भरताचे वांगे खरे म्हणजे कपाशीच्या काड्यांवर भाजायचे. तिने ते बिचारीने गॅसवर भाजले. धूर होताच छतावरची भोंग्याची डबी केकाटू लागली, आणि भरीत फोडणीला जाण्याआधी दारात आगीचा बंब हजर! तिथली घरे बरीचशी लाकडी, म्हणून ही व्यवस्था. तिच्या आजेसासूने फोनवर एवढेच विचारले, "वांगं भाजलं त बंब कायले आला वं?" याचे उत्तर अद्याप कोणाला देता आलेले नाही.

पंडिता रमाबाईंची तऱ्हा वेगळी. आनंदीबाई समजुतीने घेत. रमाबाई वादाला उभ्या राहत. त्याही १८८३ मध्येच इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज गावच्या ख्रिस्ती जोगिणींच्या मठात राहिल्या. तिथे सिस्टर जेराल्डिनला त्यांनी 'आजीबाई' करून टाकले. (पुन्हा नाते!) त्याच वर्षी बाप्तिस्माही घेतला. धर्म बदलला, तरी जेवण बदलेना. अंडी घातलेले पुडिंग त्या खाईनात. मठाला वाटले, हा जुन्या जातीचा गर्व. यावर रमाबाईंनी उलट लिहिले की, माझा गर्व तुम्ही पुडिंगात आणि दूधलोण्यात शोधत बसला आहात. एखादी इंग्रज बाई हिंदूंमध्ये राहिली आणि तिने आपल्या सवयी सोडल्या नाहीत, तर तिला गर्विष्ठ म्हटलेले तिला आवडेल काय?

मग निघाला क्रुसाचा वाद. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे असावीत, असा मठाचा आग्रह. रमाबाई म्हणाल्या, संस्कृत का नको? लॅटिन हे संस्कृतापेक्षा अधिक पवित्र, हे कोणी ठरवले? आता ज्या बाईला १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी परीक्षा घेऊन 'सरस्वती' म्हटले, तिला लॅटिनचा धाक घालायचा म्हणजे काय! पुढे त्यांनी पुरुषांना शिकवावे की नाही, यावर बिशप मंडळी चिंतेत पडली. पुरुषांच्या भरल्या सभांत पुराण सांगत त्यांनी सारा हिंदुस्थान पायी तुडवला होता. सुधारलेल्या इंग्लंडात येऊन आपण पडद्यात जाणार की काय, असे त्यांना वाटले असेल, तर नवल नाही.

१८८६ मध्ये त्या आनंदीबाईंच्या पदवीदानाला अमेरिकेत गेल्या आणि दोनअडीच वर्षे राहिल्या. परतल्यावर १८८९ साली त्यांनी अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिले. तोवर गोरे लोक आपल्याकडे येऊन आपल्या चालीरीतींवर ग्रंथ लिहीत. इथे लुगड्यातल्या बाईने त्यांचेच माप काढले. स्त्रियांच्या संस्था त्यांनी तोंडभर वाखाणल्या, पण टोपीवर मेलेले पक्षी मिरवणाऱ्या बायकांना सोडले नाही. ही अतिशयोक्ती समजू नये. त्याच १८८६ साली फ्रँक चॅपमन या पक्षितज्ज्ञाने न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभे राहून ७०० टोप्या मोजल्या. ५४२ टोप्यांवर पिसे किंवा पक्षी निघाले! आणि आम्ही नाकात नथ घालतो म्हणून आम्ही रानटी.

१८८५ चे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. फिलाडेल्फियाच्या त्या वैद्यक कॉलेजातल्या तीन परदेशी विद्यार्थिनी, आनंदीबाई, जपानची ओकामी आणि दमास्कसची इस्लामबुली, आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत. कौतुकाने काढलेला फोटो आहे. पण मला तो पाहिला की साडीच आठवत राहते. समारंभाला ती शोभली. फिलाडेल्फियाच्या हिवाळ्याला ती कशी पुरणार? राहण्याच्या खोलीतली शेकोटी धूर ओके. म्हणजे एक तर धुरात खोकायचे, नाही तर ती विझवून थंडीत कुडकुडायचे. पोट धड भरत नव्हते. इथे बंब बोलावणारी डबी नव्हती. त्या धुराची वर्दी कोणालाच गेली नाही.

११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली. त्याच वर्षाअखेर त्या परतल्या त्या क्षय घेऊनच. कोल्हापूरच्या इस्पितळात नेमणूक झाली होती. तिथे रुजू होणे घडले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. वयाची बावीस वर्षेही पुरी नव्हती.

गोपाळरावांनी अस्थी अमेरिकेला मावशीकडे पाठवल्या. कार्पेंटरबाईंनी त्या न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी, आपल्या घरच्या माणसांच्या ओळीत पुरल्या आणि वर दगड बसवला. तो अजून तिथे आहे.