नाठी, भ्रंश आणि मंद लहरी

'साठी बुद्धी नाठी' असं आपण हसतहसत म्हणतो, पण त्यातल्या 'नाठी'कडे कुणाचं लक्ष जात नाही. संस्कृत 'नष्ट', प्राकृत 'नट्ठ', त्यावरून जुन्या मराठीतलं 'नाठ'. आज हा शब्द जवळजवळ या म्हणीपुरताच उरला आहे. अर्थ सरळ आहे: नाहीशी झाली. भूतकाळ, काम संपलं.

डॉक्टर मंडळींची मराठी इथे 'स्मृतिभ्रंश' म्हणते. हा शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आहे, पण तिथे त्याचा बाज वेगळा. क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतीचा भ्रंश आणि त्यातून बुद्धीचा नाश, अशी ती उतरंड. गीतेतली स्मृती म्हणजे शिकलेल्या विवेकाची आठवण; नातवाचं नाव किंवा किल्ल्यांची जागा तिच्या हिशेबात नाही. शिवाय 'भ्रंश' म्हणजे घसरणं, आणि तिथे घसरणाऱ्याचा दोष आहे. आजाराला हे नाव देताना तो दोषही गुपचूप सोबत येतो, असं मला वाटतं. त्यामानाने लॅटिनमधून आलेला 'डिमेन्शिया' कोरडा: 'डी' म्हणजे दूर, 'मेन्स' म्हणजे मन. हा 'मेन्स' आणि आपली 'मती' एकाच मुळातली भावंडं. त्या न्यायाने 'मतिभ्रंश' चपखल बसला असता, पण तो आपण भांडणात वापरून टाकला. (मेंदूला अरबीत 'दिमाग', मराठीत येता येता त्याचा 'दिमाख' झाला आणि मेंदू मागेच राहिला.)

शब्द काही म्हणोत, या आजाराची एक खूण मेंदूतल्या विजेतही उमटते. जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञाने 1924 मध्ये माणसाच्या डोक्यावरून विजेचे सूक्ष्म चढउतार टिपले आणि 1929 मध्ये ते प्रसिद्ध केले. त्याने त्या आलेखाला दिलेल्या लांबलचक नावाचं आज 'ईईजी' झालं आहे. त्या नावात तीन ग्रीक शब्द आहेत. 'एन्केफालोस' म्हणजे डोक्याच्या आतलं, 'ग्रामा' म्हणजे लिहिलेलं आणि 'एलेक्ट्रॉन' म्हणजे तृणमणी. घासला की गवताची काडी ओढून घेतो, म्हणून संस्कृतात तो तृणमणी. युरोपातल्या विजेचं नाव या खड्यावरून पडलं. आपली वीज मात्र 'विद्युत्'मधून, म्हणजे चमकण्यातून आली.

बर्गरला जी लहर आधी दिसली ती अल्फा, नंतरची बीटा. नावं सापडण्याच्या क्रमाने पडली, वेगाच्या नव्हे. डेल्टा आणि थीटा ही नावं इंग्लंडच्या ग्रे वॉल्टरने पुढे दिली. थीटाचा उगम मेंदूतल्या थॅलॅमसमध्ये असावा, या समजुतीने 'थ'चं अक्षर निवडलं गेलं. मराठीत या साऱ्यांना 'लहरी' म्हणायची थोडी पंचाईतच आहे. लहरी माणसाचा भरवसा नसतो, आणि इथे तर सगळी किंमत नेमाला. डोळे मिटून जागं, निवांत बसलेल्या प्रौढ माणसाच्या डोक्याच्या मागच्या भागात अल्फा सेकंदाला 8 ते 13 वेळा येते.

अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या आजारात हा नेम ढळतो. अल्फा मंदावते, तिचा जोर ओसरतो आणि थीटा, मग डेल्टा, यांचं प्रमाण वाढतं. बर्गरनेच 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला अशा रुग्णाच्या आलेखातला बिघाड नोंदवला होता. आजच्या संशोधकांना हवा आहे तो आजाराचा सुरुवातीचा काळ, जेव्हा माणूस घरचा हिशेब अजून स्वतः बघतो, फक्त एखादा आकडा दोनदा विचारतो. 'नाठी'ला हा काळ सांगता येत नाही. 'मंदावते आहे' हे चालू वर्तमानकाळातलं क्रियापद तिथे लागतं. शिवाय डोक्यावर तारा चिकटवून होणारी ही तपासणी मोठ्या स्कॅनपेक्षा स्वस्त, आणि तिला सुई टोचावी लागत नाही.

पण 'मंद' हा शब्द रुग्णाच्या घरी जपून उच्चारावा लागतो. मराठीत तो सरळ अपमान आहे. आणि लहरी काही औषधांनी, थायरॉइडच्या कमतरतेनेही मंदावतात. म्हणून एकट्या आलेखावरून आजाराचं नाव ठरवत नाहीत. स्मरणाच्या चाचण्या, रक्ततपासणी, स्कॅन आणि घरच्यांशी बोलणं हे सगळं लागतंच.