नवा गुडघा आणि जुनें काम

मनुष्य आजारी पडला म्हणजे वैद्यास तो प्रथम विचारतो, 'मी बरा होईन ना?' थोडें बरें वाटूं लागलें कीं दुसरा प्रश्न आपोआप ओठावर येतो, 'मी कामाला कधीं लागेन?' पहिल्या प्रश्नाचें उत्तर शास्त्राला बहुधा देतां येतें. दुसऱ्याचें उत्तर देण्यास शास्त्राबरोबरच रोग्याचें घर, त्याचा धंदा, त्याची बसण्याउठण्याची रीत आणि त्याच्या मनाची उभारी यांचीहि ओळख असावी लागते. गुडघ्याचा झिजलेला सांधा काढून त्या जागीं धातूचा व प्लॅस्टिकचा सांधा बसविण्याची जी शस्त्रक्रिया आज सर्वत्र होते, तिच्या इतिहासांत या दोन प्रश्नांमधील अंतर फार स्पष्ट दिसतें. ज्याच्या नात्यांत किंवा शेजारांत कोणाचाच गुडघा बदललेला नाहीं, असा वाचक आतां विरळाच. म्हणून या शस्त्रक्रियेचा पूर्ववृत्तान्त थोडक्यांत सांगून, कामावर परतण्याच्या आशेचें तींत काय झालें, याचा विचार करण्याचें आम्ही योजिलें आहे.

या कथेचा आरंभ बर्लिन शहरांत होतो. तेथील थेमिस्टोक्लेस ग्लुक या शस्त्रवैद्यानें १८९० सालीं हस्तिदंताची बिजागरी करून ती गुडघ्यांत बसविली. त्याचे रोगी बहुधा क्षयानें सांधा पोखरला गेलेले असत. त्या काळीं अशांच्या नशिबीं पाय कापणें अथवा तो जन्माचा ताठ करून घेणें, याहून बरें असें फारसें कांहीं नसे. हस्तिदंताचा सांधा कांहीं काळ चालला. पण क्षयाचें विष आंत राहिलेलेंच होतें, तें पुन्हां उसळलें आणि प्रयोग फसला. त्याच वर्षीं बर्लिनमध्यें आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषद भरली असतां, तींत आपलें काम मांडण्यास ग्लुकला जर्मन शस्त्रवैद्यांचे त्या वेळचे धुरीण एर्न्स्ट फॉन बेर्गमान यांनीं मनाई केली. पाय वांचावा, इतकीच आशा त्या काळीं धरतां येत होती. पोटाच्या उद्योगाची गोष्ट तिच्या फार पलीकडची होती.

त्यानंतरचीं साठ वर्षें चांचपडण्यांत गेलीं. झिजलेल्या हाडांमध्यें रोग्याच्याच मांडीवरील स्नायुपटलाचा पदर घालावा, कोणी डुकराच्या मूत्राशयाचें आवरण घालावें, कोणी धातूचा पत्रा बसवावा, असें चाललें होतें. १९५१ सालीं स्वीडनमधील वाल्डियस यानें आणि १९५४ सालीं इंग्लंडमधील शीअर्स यानें पुन्हां बिजागरीचाच मार्ग धरला. पण दाराची बिजागरी एकाच आंसाभोंवतीं फिरते. गुडघा तसा फिरत नाहीं. तो वांकतांना मांडीचें हाड पोटरीच्या हाडावर लोळतें, घसरतें आणि थोडा पीळहि घेतें. बिजागरीला हा पीळ सोसत नाहीं. तो सारा ताण हाडांत रोंवलेल्या खुंटांवर येतो आणि खुंट सैल होतात. वेदना थांबली तरी सांधा टिकेना, अशी त्या वेळची स्थिति होती.

खरी वाट सांपडली ती लँकेशायरमधील राइटिंग्टन येथील रुग्णालयांत. तेथें जॉन चार्नली यांनीं पॉलिएथिलीन नांवाचें कठीण प्लॅस्टिक आणि दंतवैद्यकांतून उसनें घेतलेलें ॲक्रिलिक सिमेंट यांच्या साहाय्यानें १९६२ पासून खुब्याचा सांधा यशस्वीपणें बदलून दाखविला होता. त्यांच्या हाताखालीं शिकावयास आलेले कॅनडाचे फ्रँक गन्स्टन हे मूळचे इंजिनियर. १९६८ च्या सुमारास त्यांनीं तेंच सामान गुडघ्यास लावलें, आणि बिजागरी टाकून देऊन धातूच्या धांवा प्लॅस्टिकच्या खांचांतून फिरूं दिल्या. पुढें न्यूयॉर्क येथील हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरी या संस्थेंत जॉन इन्सॉल, चित्तरंजन राणावत व पीटर वॉकर या तिघांनीं १९७४ सालीं जो सांधा प्रचारांत आणला, तोच आजच्या बहुतेक नव्या गुडघ्यांचा पूर्वज होय. इन्सॉल जन्मानें इंग्रज, वॉकर इंजिनियर, आणि राणावत हे इंदुरास वैद्यक शिकून अमेरिकेस गेलेले भारतीय गृहस्थ. त्यांचें नांव या लेखांत पुन्हां यावयाचें आहे.

आतां आमच्या मूळ विषयाकडे वळूं. पहिल्या पिढीचे रोगी बहुधा वयोवृद्ध, किंवा आमवातानें वर्षानुवर्षें अंथरुणास खिळलेले असत. त्यांची वेदना थांबली आणि ते चार पावलें चालूं लागले म्हणजे वैद्य व रोगी दोघेहि कृतार्थ होत. यशाचीं मापेंहि त्याच बेताचीं तयार झालीं. अमेरिकेंतील गुडघेवैद्यांच्या संघाची १९८९ सालची, इन्सॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आंखलेली गुणपद्धति पाहावी. तींत रोग्याच्या हालचालीस १०० गुण आहेत: हवें तितकें चालतां येणें यास ५० आणि जिना नीट चढतां-उतरतां येणें यास ५०, काठी लागली तर गुण वजा. बसावयाचें कसें, ओझें उचलावयाचें किती, दुकान पुन्हां उघडलें कीं नाहीं, याबद्दल तींत अवाक्षर नाहीं. याचा दोष आम्ही त्या थोर वैद्यांस देत नाहीं. त्यांच्यापुढील रोग्यांना तीं मापें पुरेशीं होतीं. पण मापें तींच राहिलीं आणि रोगी बदलले. शस्त्रक्रिया जसजशी निर्धोक होत गेली, तसतशी ती पन्नाशी-पंचावन्नीच्या, अंगावर संसाराचा भार असलेल्या माणसांवरहि होऊं लागली. अशा मनुष्यास केवळ जिना चढावयाचा नसतो. त्याला महिन्याचा पगार घरीं आणावयाचा असतो.

रोग्यास त्याची अपेक्षा विचारावी, हें शास्त्रास उशिरां सुचलें. १९९८ सालीं ऑक्सफर्ड येथें बारा प्रश्नांची जी यादी झाली, तींत नेहमींच्या कामास गुडघेदुखीचा किती अडथळा होतो, हा प्रश्न आला, आणि त्या कामांत घरकामाचाहि स्पष्ट उल्लेख झाला. २००१ सालीं न्यूयॉर्कच्या वर सांगितलेल्या रुग्णालयांत कॅरोल मॅन्क्यूसो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं रोग्यांच्याच तोंडून त्यांच्या आशा ऐकून अपेक्षांची प्रश्नावली तयार केली. पुढें २०१० सालीं कॅनडांतील ओंटारिओ प्रांतांतील १,७०३ शस्त्रक्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. तींत शेंकडा १९ रोगी असंतुष्ट निघाले; आणि या असंतोषाचें सर्वांत बलवत्तर कारण काय, तर मनांत धरलेली अपेक्षा पुरी न होणें. ज्यांची अपेक्षा पुरी झाली नाहीं, ते असंतुष्ट राहण्याचा संभव इतरांच्या दसपटीहून अधिक होता. सांधा सुस्थितींत असूनहि मन दुखावलेलें राहूं शकतें, ही गोष्ट अशा रीतीनें आंकड्यांत उतरली. तेव्हां कोठें २०११ च्या नव्या गुणपद्धतींत अमेरिकेच्या त्याच संघानें अपेक्षा व समाधान यांस जागा दिली.

कामावर परतण्याविषयीं अमेरिकेंतील स्टायरन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०११ सालीं जें प्रसिद्ध केलें, तें मनन करण्याजोगें आहे. त्यांच्या रोग्यांपैकीं निम्मे सुमारें नऊ आठवड्यांच्या आंत कामावर परतले. काम किती अंगमेहनतीचें आहे याचा परिणाम होतोच; पण त्याहून मोठा परिणाम रोग्याच्या स्वतःच्या निकडीचा दिसून आला. कामावर लवकर गेलेंच पाहिजे असें ज्यांना मनापासून वाटत होतें, ते इतरांच्या निम्म्या वेळांत परतले. कामाची जागा अधू माणसास सोईची असली तर तीहि मदत करी. शरीर वैद्याच्या हातीं असतें, निकड रोग्याजवळ असते, आणि जागेची सोय धन्याच्या किंवा घरच्यांच्या हातीं असते. तिघांपैकीं एकानें जरी हात आंखडला तरी गाडा अडतो.

आपल्याकडे या शस्त्रक्रियेचा बोलबाला झाला तो एका थोर रोग्यामुळें. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्यें आणि उजवा जून २००१ मध्यें मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयांत बदलण्यांत आला. आणि शस्त्रक्रिया करणारे होते तेच चित्तरंजन राणावत. दुसरी शस्त्रक्रिया ७ जूनला झाली, आणि १४ जुलैस पाकिस्तानच्या अध्यक्षांशीं वाटाघाटी करण्यासाठीं हे शहात्तर वर्षांचे गृहस्थ आग्र्याच्या बैठकीस उपस्थित होते. सव्वा महिन्यांत देशाचा कारभार! मग आपल्या वडिलांस दुकानाच्या गल्ल्यावर बसावयास काय हरकत आहे, असें घरोघरीं वाटलें असल्यास नवल नाहीं. परंतु पंतप्रधानांचें काम कितीहि जोखमीचें असलें तरी तें खुर्चींत बसून करावयाचें असतें, ही साधी गोष्ट या तुलनेंत निसटते. पुढें १६ ऑगस्ट २०१७ रोजीं सरकारनें नव्या गुडघ्यांच्या किंमती बांधून दिल्या. कोबाल्ट-क्रोमच्या नेहमींच्या गुडघ्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये ठरली. पूर्वीं ती सरासरीनें दीड लाखावर होती. त्यामुळें ज्यांचें पोट शरीरश्रमावर आहे, अशा कुटुंबांसहि ही शस्त्रक्रिया थोडी जवळ आली, आणि कामाचा प्रश्न अधिकच निकडीचा झाला.

आपल्या देशांतील किती कामें जमिनीवर बसून होतात, याचा एकदां हिशेब करावा. फरशी बसविणारा गवंडी, मांडी घालून दागिना घडविणारा सोनार, पूजा सांगणारे भिक्षुक, विळीवर भाजी चिरणारी गृहिणी, या सर्वांचें हत्यार हात असलें तरी आसन गुडघा आहे. सपाटीवर चालतांना गुडघा साठ-सत्तर अंश वांकला तरी भागतें. खुर्चीवरून उठावयास नव्वदांहून थोडें अधिक पुरतें. पण उकिडवें बसण्यास एकशेंतीस किंवा त्याहून अधिक अंश लागतात. आणि बदललेला गुडघा बहुधा एकशेंदहा ते एकशेंवीस अंशांपर्यंत वांकतो. ही उणीव भरून काढण्यासाठीं अधिक वांकणारे सांधे निघाले. त्यांपैकीं एका जातीच्या ७२ गुडघ्यांचा अनुभव कोरियांतील वैद्यांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केला. सरासरी अडीच-पावणेतीन वर्षांत शेंकडा ३८ सांध्यांचा मांडीकडील भाग सैल झालेला आढळला. आणि जे उकिडवे बसत, गुडघे टेकीत वा मांडी घालीत, त्यांच्यांत हें प्रमाण अधिक होतें. सर्व ठिकाणीं इतका वाईट अनुभव आला असें नाहीं. तथापि सांधा वांकतो म्हणून त्यावर रोज भार देऊन वांकावें, असा अर्थ निघत नाहीं, हा बोध त्यांतून घेण्यासारखा आहे.

आमच्या परिचयाच्या एका घरांत घडलेली गोष्ट येथें सांगतों. त्या घरांतील आत्याबाई पासष्टीच्या. पापड-पोळ्यांचा घरगुती उद्योग त्यांनीं वीस वर्षें पाटावर बसून केला होता. शस्त्रक्रियेपूर्वीं त्यांनीं विचारलें, "डॉक्टरसाहेब, मी कामाला कधीं लागेन?" डॉक्टर हंसून म्हणाले, "अहो आजी, दुसऱ्याच दिवशीं चालवतों तुम्हांला!" दोघांचेंहि बोलणें प्रामाणिक होतें; पण एकाच्या डोळ्यांपुढें रुग्णालयाचा व्हरांडा होता, दुसरीच्या डोळ्यांपुढें पोळपाट. दुसऱ्या दिवशीं त्या खरोखरीच चालल्या. घरीं आल्यावर महिन्याभरानें त्यांनीं पाटावर बसून पाहिलें, आणि तें जमेना तेव्हां त्या रडूं लागल्या. शस्त्रक्रिया फसली, पैसे पाण्यांत गेले, असें त्यांनीं धरून घेतलें. तपासणींत सांध्यांत कांहींच दोष निघाला नाहीं. अखेर भाच्यानें कंबरेइतका ओटा बांधून घेतला आणि एक उंच खुर्ची आणली. चौथ्या महिन्यांत पापड पुन्हां सुरू झाले. जो ओटा शस्त्रक्रियेच्या आधीं बांधावयाचा, तो तीन महिन्यांच्या दुःखानंतर बांधला गेला, इतकेंच. बाईंचें हें काम पगाराचें नव्हे, म्हणून कामावर परतण्याचे आंकडे जमविणाऱ्या बऱ्याच पाहण्यांत तें धरलेंहि गेलें नसतें, ही गोष्ट आम्हांस विशेष लागते.

तेव्हां आमचें सांगणें थोडें आहे. ज्या घरीं ही शस्त्रक्रिया ठरली असेल, त्या घरानें 'कामाला कधीं लागतां येईल?' एवढाच प्रश्न करून थांबूं नये. काम कोणतें, तें कसें बसून होतें, किती वेळ उभें राहावें लागतें, किती ओझें उचलावें लागतें, हें सारें वैद्यापुढें उघड मांडावें. बैठ्या कामास सुमारें दीड-दोन महिने, आणि मेहनतीच्या कामास तीन महिने किंवा अधिक, असा साधारण अंदाज असतो; पण जमिनीवरचें काम पूर्वींच्याच रीतीनें करतां येईलच, असें वचन कोणी देऊं नये व कोणी मागूं नये. त्याऐवजीं काम उंचावर आणतां येईल काय, धनी खुर्ची देईल काय, घरचीं माणसें कांहीं दिवस हातभार लावतील काय, हें आधीं पाहावें.

ग्लुकच्या हस्तिदंती बिजागरीपासून आजवर सव्वाशेंहून अधिक वर्षें लोटलीं. वेदना हरण करण्याची विद्या या काळांत मनुष्यानें बहुतांशीं साध्य केली. मनुष्यास त्याच्या कामाशीं पुन्हां जोडून देण्याची विद्या मात्र केवळ रुग्णालयांत साध्य होणारी नाहीं. तिचा निम्मा भाग घराच्या ओट्यावर आणि दुकानाच्या गादीवरच पुरा व्हावयाचा आहे.